पाणी न पिण्याचा नियम

बाटली भरलेली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण दवाखान्यात मी डॉक्टरांना खोटं सांगितलं होतं की पाणी संपलं होतं. दीड लिटरची बाटली, ओल्या फडक्यात गुंडाळून पाठीवर बांधलेली. सकाळी घरून निघताना जेवढी भरलेली होती तेवढीच ती परत आली. मी जंगलात पडले तेव्हा ती पाठीखाली होती आणि तिचं झाकण टोचत होतं, एवढं मात्र चांगलं आठवतं.

माझं नाव वनिता. सिंदेवाही तालुक्यात, जंगलाला लागून असलेल्या गावात राहते. घरची थोडी धानाची शेती आणि मे महिन्यात तेंदूपत्ता, म्हणजे बिडीची पानं. बारावी शिकलेली, बचत गटाची अध्यक्ष, म्हणून गावात मला जरा शहाणी समजतात. शहाण्या माणसाची चूक महागात पडते, कारण लोक तिला चूक म्हणतच नाहीत, तिच्यामागे चालू लागतात. माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, हे लिहून काढा, दुसऱ्या गावच्या बायकांना वाचून दाखवू. म्हणून लिहिते आहे.

नियम कसा झाला

तेंदूची पानं तोडायला पहाटेच निघावं लागतं. ऊन चढायच्या आत गठ्ठा डोक्यावर घेऊन घरी यायचं, दुपारभर सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करून वाळत घालतात त्या जागी, नेऊन द्यायचे. हंगाम जेमतेम पंधरा दिवसांचा. तेवढे दिवस घरात कोणी आजारीसुद्धा पडत नाही, पडायला फुरसत नसते.

आमच्या जंगलात वाघ आहे. आम्ही त्याला जनावर म्हणतो, आणि जंगलात शिरल्यावर तेही म्हणत नाही. मी पडले त्याच्या दोन हंगाम आधी आम्ही अकरा जणी सोबत जात होतो. त्यातली मंगला एका सकाळी म्हणाली, "तुमी व्हा समोर, मी आलीच," आणि लघवीला झुडपाआड गेली. रस्त्यापासून वीस पावलंही नसतील. आम्ही बोलत बोलत पुढे गेलो. ती ओरडली नाही. बऱ्याच वेळानं माघारी आलो तर तिचा गठ्ठा नीट बांधून ठेवलेला होता, बाजूला चपला जोडीनं काढलेल्या होत्या. बाकी जे पाहिलं ते मी लिहिणार नाही.

वनखात्याची माणसं येऊन समजावून गेली. खाली बसलेलं माणूस जनावराला माणसासारखं दिसत नाही, एकटं मागे राहू नका, घोळका सोडू नका. मी घरी बसून विचार केला. बाई घोळका सोडते कधी? एकाच कामासाठी. मग ते कामच येऊ द्यायचं नाही. मी सगळ्यांना आमच्या ओट्यावर बोलावलं आणि नियम सांगितला. आदल्या सांजेपासून पाणी कमी, सकाळी चहा नाही, आणि घरून निघाल्यापासून घरी येईपर्यंत एक घोटही नाही. बाटली सोबत ठेवायची, पण कोणाला भोवळ आली तर तोंडावर मारायला.

कोणी विरोध केला नाही. उलट सगळ्यांना धीर आला. भीतीवर काहीतरी करता येतं हे कळलं की माणसाला बरं वाटतं. तो हंगाम गेला, त्यानंतरचाही गेला, आमच्यातली एकही बाई कमी झाली नाही. नियम लागू पडला असं सगळेच म्हणू लागले. शेजारच्या गावच्या बायका विचारायला आल्या, त्यांनाही मी शिकवला, जरा ऐटीतच.

ओठ फुटायचे, पोटात पेटके यायचे, दुपारी लघवीला आग व्हायची. आम्ही एकमेकींना सांगून हसायचो. उन्हाळा आहे, व्हायचंच, असं म्हणून पुडे बांधायला बसायचो.

ढगाळ सकाळ

मागच्या वर्षी हंगामाच्या नवव्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. आदल्या संध्याकाळी चार थेंब पडून गेले होते. ऊन नव्हतं म्हणून सगळ्या खुशीत होत्या. आज दोन गठ्ठे करू, असं मीच म्हणाले.

वारा बिलकूल नव्हता. जमिनीतून वाफ वर येत होती. घाम वाळतच नव्हता, नुसता गळत होता, लुगडं पायाला चिकटत होतं. कोरड्या उन्हात माणूस निदान सावध असतो. ढगाखालच्या उकाड्यात तो फसतो. पिंडऱ्यांत गोळे आले, मी पाय झटकून पुढे चालले. मग डोकं ठणकायला लागलं. नंतर पानं दोन-दोन दिसू लागली, आणि मला फार हसू आलं. दुप्पट पानं, असं मी मोठ्यानं म्हणाले म्हणे. मला ते आठवत नाही.

आमच्यात सगळ्यात वडीलधारी कुसुमबाई, माझी चुलतसासू. ती सांगते, मी चालता चालता एकदम थांबले, मंगलाला हाक मारली आणि आडवी झाले.

काशाची वाटी

दवाखान्यात नेण्याआधी माझा अर्धा दिवस घरी गेला. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. उलट जेवढं म्हणून येत होतं तेवढं सगळं त्यांनी केलं. ऊन लागलं म्हणून कुसुमबाईनं काशाच्या वाटीनं माझे तळपाय घासले. वाटी काळी पडली की ऊन उतरलं, असं आमच्याकडे धरतात. वाटी काळी पडत होती आणि माझं अंग तापतच होतं. कैरीचं पन्हं पाजलं, ते उलटून पडलं.

माझी मुलगी पायल तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. तिनं कोणाला न विचारता घागर आणली आणि माझ्या अंगावर ओतली. कुसुमबाई रागावली, तापल्या अंगावर गार पाणी टाकतात का म्हणून. पुढे डॉक्टर मॅडम म्हणाल्या, त्या दिवशी घरात बरोबर झालेली गोष्ट तेवढी एकच. पायलनंच वडिलांना विचारलं की आई सकाळपासून एकदाही लघवीला का गेली नाही. तेव्हा कुठे गाडी मागवली. तालुक्याला सलाईन लावलं आणि तिथून अँब्युलन्सनं चंद्रपूरला पाठवलं.

खोटं आणि खरं

दुसऱ्या दिवशी शुद्ध आली. नाकाला नळी, हाताला सुई, आणि पलंगाच्या कडेला एक पिशवी लटकत होती. पिशवीच्या तळाशी कोऱ्या चहाच्या रंगाचं थोडंसं काहीतरी होतं. तीच माझी रात्रभराची लघवी, असं कळलं.

डॉक्टर मॅडम वयानं लहानच, पायलहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. ऊन डोक्यापर्यंत गेलं होतं, ते उतरलं आहे, पण दोन्ही किडन्यांनी काम थांबवलंय. रक्त मशीनवर साफ करावं लागेल. त्या पुन्हा सुरू होतील की नाही हे आज सांगता येत नाही. मी विचारलं, सुरू झाल्याच नाहीत तर? त्या म्हणाल्या, मग आठवड्यातून दोन-तीनदा मशीनवर यावं लागेल, कायम. माझे मिस्टर भिंतीला टेकून उभे होते, ते हळूच खाली बसले.

मग त्यांनी विचारलं की एवढ्या गर्मीत पाणी का प्यायलं नाही. मी म्हणाले, संपलं होतं. त्यांनी लिहून घेतलं. संध्याकाळी येऊन पुन्हा विचारलं, कारण तपासणीत दिसत होतं की हे एका दिवसाचं दुखणं नव्हतं. लघवीत जुना जंतुसंसर्ग होता, किडन्या आधीच थकलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला रडू फुटलं आणि मी सगळं सांगितलं. मंगला, ओटा, नियम, भरलेली बाटली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"असं अजून किती बायका करतात?"

"सगळ्याच," मी म्हणाले. "आज पण गेल्या असतील."

मला तोपर्यंत फक्त माझ्या जिवाची भीती वाटत होती. गावात उरलेल्या नऊ जणी आणि शेजारच्या गावातल्या कितीतरी, या घटकेला तोंड कोरडं ठेवून पानं तोडत होत्या, आणि ते मी शिकवलेलं होतं.

चार कप

दवाखान्यातलं पाणी ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शिक्षा. मला वाटलं होतं, आता भरपूर पाजतील. पण किडन्या बंद असल्यावर पाणी अंगातच साचतं, छातीत भरतं. म्हणून दिवसाला चार छोटे कप, मोजून. ज्या बाईनं तीन उन्हाळे भरलेली बाटली पाठीवर वागवली, ती आता अर्ध्या कपासाठी हात जोडत होती.

सकाळी रक्त काढायचे. मग पिशवीतलं मोजून कागदावर मांडायचे. एक दिवसाआड खालच्या मजल्यावर मशीन. तिथे चार पलंग. शेजारच्या पलंगावर कोरपन्याकडचा एक कापूस पिकवणारा माणूस असायचा, दोन वर्षांपासून येतो म्हणाला. तो गप्पिष्ट होता, मशीनला सासुरवाडी म्हणायचा, पाहुणचार होतो पण राहावं वाटत नाही. मी हसायचे आणि मनात दोन वर्षं, दोन वर्षं असं घोकत बसायचे.

वॉर्डात चामोर्शीच्या एक मावशी कामाला होत्या. त्यांनी एक थेंबही जास्त दिला नाही, पण माझ्या जवळून जाताना दर वेळी कापसाचा ओला बोळा ओठांवरून फिरवून जायच्या. बोलायच्या काहीच नाहीत. एकदा मी त्यांचा हात धरून ठेवला. त्या तशाच उभ्या राहिल्या, त्यांचं काम खोळंबलं तरी. तेवढ्यावर मी तो दिवस काढला.

मिस्टर चिडलेले होते. ते डब्याचं झाकण आपटायचे, नर्सवर खेकसायचे. एका दुपारी माझ्यावरच घसरले. "घरात घागरीच्या घागरी भरून हायेत अन् तू तहानेनं मरून राह्यली. लोकाईले काय सांगू मी?" मी म्हणाले, जनावरानं नेली असती तर सांगता आलं असतं का? ते उठून बाहेर गेले. दोन तास आले नाहीत. आले तेव्हा डोळे लाल होते आणि हातात माझ्यासाठी कंगवा होता. मी कंगवा मागितलेलाही नव्हता.

अकराव्या दिवशी सकाळी मावशी पिशवी मोजायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. पिशवी अर्धी भरली होती, रंग पिवळा होता. त्यांनी नर्सला बोलावलं, नर्सनं मॅडमना. चौघीजणी एका लघवीच्या पिशवीकडे पाहून हसत होत्या. मी असा आनंद लग्नातही पाहिला नाही.

घरी सोडताना मॅडम म्हणाल्या, किडन्या परत आल्या आहेत, पण पूर्ण नाही. उन्हात अंगमेहनतीचं काम आता बंद. दुसऱ्यांदा असं झालं तर त्या परत येणार नाहीत.

जे शिकले ते

तहान लागायची वाट पाहू नका. तहान लागते तेव्हा उशीर झालेला असतो. दर अर्ध्या तासाला थोडं थोडं प्या, घटाघटा नाही. घाम गळत असेल तर नुसतं पाणी पुरत नाही, त्यात चिमूटभर मीठ, साखर, असेल तर लिंबू. सकाळी उपाशी निघू नका. तांदळाची पेज मीठ घालून पिऊन निघा, हातपाय गळत नाहीत. आंबील, ताक चालतं. नुसत्या काळ्या चहावर निघणं म्हणजे रिकाम्या चुलीवर भात ठेवणं. ढग आहेत, ऊन नाही, असं म्हणू नका. आणि लघवीचा रंग पाहत जा. लाज वाटू देऊ नका. हळदीसारखी गडद झाली की समजा, अंग पाणी मागून राहिलं आहे. माणूस बरळायला लागला तर अंगावर पाणी ओता आणि गाडी मागवा. पायाला वाटी नंतर घासा.

हे सगळं मी गावात परत आल्यावर बायकांना सांगितलं. त्याच ओट्यावर. त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं, माझी दृष्ट काढली. शेवटी कुसुमबाई बोलली.

"वनिता, तहानेनं मेलेली बाई मी नाई पाह्यली. जनावरानं मेलेली पाह्यली. तू तं बरी होऊन आली ना?"

तीन हंगाम त्या जिवंत होत्या आणि त्यांच्या लेखी ते माझ्या नियमामुळे होतं. माझीच विद्या माझ्यावर उलटली.

यंदा

यंदा माझ्या जागी पायल गेली. मला नको होतं, पण तिनं ऐकलं नाही. तू घरी पुडे बांध, पानं मी आणतो, असं म्हणाली. मी एक अट घातली. बाटली भरून न्यायची आणि रिकामी आणायची. पहिले चार दिवस तिनं ती रिकामी आणली. मी शेजारणींनाही दाखवली, पाहा, माझी पोर पिते, काही होत नाही.

पाचव्या दिवशी तिनं गठ्ठा उतरवला, रिकामी बाटली माझ्या हातात दिली आणि पाणी प्यायला माठाकडे गेली. एक तांब्या, दुसरा, तिसरा. न थांबता. मी तिच्याकडे पाहत राहिले. दीड लिटर प्यायलेली पोर अशी पिते का? मी म्हटलं, जीभ दाखव. तिनं मान फिरवली. हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं. जीभ पांढरी, भेगाळलेली.

"पाणी कुठी गेलं?"

तिनं तांब्या माठावर पालथा घातला. मग म्हणाली, "येताना सांडवून देतो आमी. नाल्याजवळ. सगळ्याच जणी."

"काऊन?"

"तुले बरं वाटावं म्हणून." ती खाली पाहत होती. "आई, काल पंजे दिसले. ओल्या मातीत. मोठे होते. तिथी कोन बसन सांग?"

मी तिला मारलं असतं, हात उठलाही होता. पण मारायचं कोणाला? तिला ही अक्कल कोणी दिली होती? मी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. भिऊन उभी होते, खोटं कशाला सांगू. पंजांची भीती होती आणि त्या पांढऱ्या जिभेचीही.

संध्याकाळी मिस्टरांना सांगितलं, उद्या मी जाणार. काम करणार नाही, फक्त सोबत जाणार. ते म्हणाले, मॅडमनी काय सांगितलं ते विसरली का? मी म्हणाले, विसरले नाही. पहाटे उठले तेव्हा त्यांनी चुलीवर पेज ठेवलेली होती. आम्हा दोघींना बसवून पाजली आणि स्वतः उभे राहून पाहिलं.

बायका मला पाहून थबकल्या. कुसुमबाईच्या हातात काठी होती. आम्ही जंगलात शिरलो. पुन्हा तसंच ढगाळ, चिकट, वारा नसलेलं. दर थोड्या वेळानं मी थांबत होते आणि सगळ्यांच्या देखत पीत होते. कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं. पायलनं दोन घोट घेतले, बाकी कोणी नाही.

तासाभरानं मला लघवीला लागली. मी म्हणाले, थांबा, मले बसायचं आहे. एकीनं पटकन झुडपाकडे बोट दाखवलं, लवकर उरकून ये म्हणून. मी म्हणाले, झुडपाआड नाही. इथंच, गाडीवाटेवर, उघड्यावर. तुम्ही सगळ्या भोवती उभ्या राहा, माझ्याकडे पाठ करून, तोंडं जंगलाकडे.

कोणी हललं नाही. पानं तोडायची राहतील, असं कोणीतरी पुटपुटलं. आधी पायल आली आणि पाठ करून उभी राहिली. मग मंगलाची जाऊ आली. मग एकेक जण आली. कुसुमबाई जागची हलली नाही.

मी बसले. लाज एवढी वाटत होती की काही होईना. आणि तेवढ्यात डावीकडच्या ऐनाच्या झाडांत वानरं खाकरली. एकदा, मग पुन्हा, मग सगळी मिळून. आमच्याकडे लहान लेकरालाही ठाऊक असतं की वानर उगाच तसं ओरडत नाही.

समोरच्या पाठी ताठ झाल्या. पायलच्या पोटऱ्या थरथरताना मला दिसत होत्या. एखादी पळाली असती तर सगळ्या पळाल्या असत्या, आणि मी तशीच बसलेली राहिले असते. मी डोळे मिटले. पळाली नाही कोणी.

मी उठून लुगडं सावरलं. रिंगणात मोकळी जागा होती तिथे आता कुसुमबाई उभी होती, वानरांच्या बाजूला तोंड करून. ती कधी आली मला कळलं नाही. ती वळली, माझ्या हातातली बाटली घेतली आणि मान मागे टाकून निम्मी संपवली. पदरानं तोंड पुसलं. मग काठी पायलच्या हाती दिली.

"सकाळपासून दाबून राह्यली मी," ती म्हणाली. "सरका. आता मी बसतो."

आम्ही पाठी फिरवल्या. वानरं अजून ओरडतच होती.